एकच प्रोग्रॅम, तीन मशीन: जी८३ प्रत्येक ठिकाणी वेगळं का वागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या साकीनाक्याच्या गाळ्यात ४० मिलिमीटर जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटमध्ये ८.५ मिलिमीटरची आरपार भोकं मारायची आणि त्यांना एम१० टॅप करायचा, म्हणजे आत आटे पाडायचे. रोजच्या फानुक कंट्रोलच्या व्हीएमसीवर (प्रोग्रॅमने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) जी८३ चा, म्हणजे टप्प्याटप्प्याने खोल भोक मारणाऱ्या सायकलचा, प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. सेकंडहँड आणलेल्या दुसऱ्या फानुकवर मात्र ड्रिल प्लेटच्या जरा वर येऊन नुसतं थरथरत बसतं. हास मशीनवर ओळीतल्या सहा भोकांपैकी दोनच होतात. मध्ये एकदा ड्रिल प्लेट पकडणाऱ्या क्लॅम्पला लागून तुटलं. दुसऱ्या फानुकवर टॅपिंगला २०५ नंबरचा अलार्म येतो. आणि हेच ड्रिलिंग पुढे टर्निंग सेंटरवरही (सीएनसी लेथवर) न्यायचं आहे. प्रोग्रॅममधला वादाचा भाग हा:

जी९० जी५४ जी०० एक्स२०. वाय२०. एस९३० एम०३
जी४३ एच०२ झेड५०. एम०८
जी९९ जी८३ झेड-४४. आर२. क्यू३ एफ१४०
जी९१ एक्स२५. के५
जी८०

आधी अक्षरं: झेड म्हणजे खोली, आर म्हणजे प्लेटच्या वरची ती पातळी जिथून कापणं सुरू होतं (आर पॉइंट), क्यू म्हणजे एका टप्प्याची म्हणजे पेकची खोली, एस म्हणजे स्पिंडलचा वेग, एफ म्हणजे फीड, खाली जाण्याचा वेग. जी९० मध्ये मापं शून्यापासून, जी९१ मध्ये आधीच्या जागेपासून. जी८० सायकल बंद करतो.

आकड्यांत खोट नाही. एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिल, एमएसमध्ये मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरला तर ८.५ ला साधारण ९३० आरपीएम येतात, फेऱ्याला ०.१५ मिलिमीटर फीड म्हणजे एफ१४०. ११८ अंशांच्या ड्रिलचं टोक व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे २.५५ मिलिमीटर. ४० अधिक २.५५ अधिक थोडा बाहेर जायला वाव, म्हणून झेड-४४ बरोबर आहे. घोळ होतो तो ओळीत न लिहिलेल्या गोष्टींमुळे. कॅन्ड सायकलची, म्हणजे जी८३ सारख्या तयार क्रमाची, ओळ अर्धीच माहिती देते. उरलेली अर्धी मशीनच्या पॅरामीटरमध्ये, सेटिंगमध्ये आणि मागच्या ओळींतून चालत आलेल्या मोडमध्ये असते. मशीन बदललं की तो अर्धा भागच बदलतो.

आधी थरथर. क्यू३ मध्ये डेसिमल पॉइंट नाही. फानुकवर पॅरामीटर ३४०१ चा शून्य नंबरचा बिट हे ठरवतो. तो १ असेल तर क्यू३ म्हणजे ३ मिलिमीटर, कॅल्क्युलेटरसारखं. तो ० असेल तर क्यू३ म्हणजे कंट्रोलची सगळ्यात लहान तीन मापं, म्हणजे ०.००३ मिलिमीटर. तुमच्या पहिल्या मशीनवर तो १ असणार, दुसऱ्यावर ०. आर२. पासून झेड-४४. पर्यंत ४६ मिलिमीटर; तीन-तीन मायक्रॉनने जायचं तर १५ हजारांवर पेक होतात आणि जी८३ दर पेकला परत आर पॉइंटवर येतं. म्हणून डोळ्यांना ते थरथरणं दिसतं. मशीन बिघडलेलं नाही, सांगितलं तेच करतंय.

यावर सेटर लोक ३४०१ बदलून मोकळे होतात. तसं अजिबात करू नका. त्या मशीनच्या मेमरीतले जुने प्रोग्रॅम आणि मशीन बनवणाऱ्याने ९००० च्या मालिकेतल्या नंबरांनी टाकलेले टूल चेंजसारखे मॅक्रो (तयार उपप्रोग्रॅम) कदाचित डेसिमलशिवायच लिहिलेले असतात. तिथे झेड-१२०००० म्हणजे १२० मिलिमीटर धरलेलं असेल आणि बिट बदलला की ते १२० मीटर होईल. नशीब बरं असेल तर ओव्हरट्रॅव्हल (हद्द ओलांडल्याच्या) अलार्मवर भागेल. प्रोग्रॅम सुधारा: क्यू३.० लिहा, आर२.० लिहा. मिलिंगच्या कंट्रोलवर पेकला डेसिमल दिला की बिट काहीही असो, अर्थ एकच होतो. पी मात्र याला अपवाद. जी८२ (तळाशी थांबणारी ड्रिलिंग सायकल) मधला थांबा मिलिसेकंदात आणि डेसिमलशिवाय द्यायचा, पी५०० म्हणजे अर्धा सेकंद.

उलटा प्रकार जास्त महागात पडतो. कुणी क्यू३००० असं मायक्रॉनमध्ये लिहिलेलं असतं आणि ते कॅल्क्युलेटर पद्धतीच्या मशीनवर गेलं तर पेक तीन मीटरचा होतो. भोक त्याहून उथळ, त्यामुळे ड्रिल एका दमात ४६ मिलिमीटर खाली जातं. बुरा (धातूचा कीस) ड्रिलच्या फ्ल्यूटमध्ये, म्हणजे खाचांत, कोंबला जातो, ड्रिल निळं पडतं किंवा आतच राहतं. अलार्म नाही, काही नाही. म्हणून पेक न मारता थेट खाली गेलेलं ड्रिल दिसलं की आधी क्यूकडे बघा, ड्रिलच्या दर्जाला नंतर शिव्या घाला.

आता हासवरची दोन भोकं. फानुकच्या मिलिंग कंट्रोलवर के म्हणजे किती वेळा. हासवर ते काम एल करतो; तिथे जी८३ मध्ये के म्हणजे पेकची किमान खोली, जी आय आणि जे या अक्षरांसोबत वापरतात: आय पहिला पेक, जे दर वेळी कमी करायची रक्कम, के त्याखाली न जाण्याची मर्यादा. त्यामुळे ‘पाच वेळा’ हा निरोप हासपर्यंत पोचलाच नाही. पहिलं भोक झालं, २५ पुढे सरकून आणखी एक झालं, संपलं. तिथे जी९१ एक्स२५. एल५ लिहा. फानुकच्या काही जुन्या पिढ्यांतही एलच चालतो, हे सेकंडहँड मशीन घेताना लक्षात असू द्या. आणि के असो वा एल, ती ओळ जी९० मध्ये राहिली तर पाचही वेळा त्याच भोकात ड्रिल उतरतं. सगळ्यात निर्धोक म्हणजे रिपीटच न वापरता प्रत्येक भोकाचं एक्स-वाय जी९० मध्ये लिहिणं. चार ओळी जास्त होतील, पण कुठल्याही कंट्रोलवर अर्थ बदलणार नाही आणि मधलं एखादं भोक राहिलं तर तिथूनच पुन्हा सुरू करता येईल.

क्लॅम्पची धडक ही जी९९ ची करणी. जी९९ मध्ये भोक झाल्यावर टूल आर पॉइंटपर्यंतच वर येतं, म्हणजे प्लेटपासून २ मिलिमीटर, आणि तिथूनच पुढच्या भोकाकडे रॅपिडने (न कापता पूर्ण वेगाने) सुटतं. जी९८ मध्ये ते इनिशियल लेव्हलपर्यंत जातं. ही लेव्हल म्हणजे सायकल सुरू होण्याआधी झेड जिथे होता ती जागा, तुमच्याकडे झेड५०. इथे एक बारीक गोष्ट नेहमी चुकते. परत येण्याची उंची ज्या ओळीत भोक होतं त्याच ओळीची लागू होते. क्लॅम्प तिसऱ्या आणि चौथ्या भोकाच्या मध्ये असेल तर जी९८ तिसऱ्या भोकाच्या ओळीत हवा आणि जी९९ परत चौथ्याच्या ओळीत. चौथ्याला जी९८ दिला तर उपयोग नाही. तोवर टूल क्लॅम्पवर आदळून झालेलं असतं.

त्याच जोडीला जी४३ ची, म्हणजे टूलची लांबी लागू करणारी, ओळ. ती विसरली किंवा तिच्यातून झेड५०. गळला, तर इनिशियल लेव्हल टूल चेंजनंतर झेड जिथे उभा होता तीच. मग जी९८ मध्ये दर भोकाला स्पिंडल थेट वरपर्यंत जाऊन येतो. जी८१ (पेक न मारता सरळ ड्रिलिंग) वरून जी८३ वर मध्येच गेलात आणि मध्ये जी८० दिला नाही, तर लेव्हल जुनीच राहते. आणि जी८० नंतर जी०० (रॅपिड) स्पष्ट लिहा. सायकलच्या आधी जी०१ (फीडने चालणं) चालू असेल तर जी८० झाल्यावर तोच शिल्लक राहतो आणि पुढची चाल फीडने रखडते.

पेकनंतर ड्रिल पुन्हा खाली जाताना आधीच्या तळापासून किती वर रॅपिड सोडून फीड धरायचा, हे फानुकवर जी८३ साठी पॅरामीटर ५११५ मध्ये असतं. जी७३ (ड्रिल बाहेर न काढता, थोडं मागे घेऊन बुरा तोडणारी सायकल) साठी माघारीचं अंतर ५११४ मध्ये. सेकंडहँड मशीनवर ५११५ शून्य निघालं तर ड्रिल रॅपिडने थेट जुन्या तळावर आपटतं, आणि तिथे खाली पडलेला बुरा असतोच. टोकाच्या कडा झिजतात, कधी ड्रिलच मोडतं, आणि लोक कूलंटला दोष देतात. ०.५ ते १ मिलिमीटर ठेवा; जुन्या कंट्रोलवर ही रक्कम ५०० ते १००० अशी मायक्रॉनमध्ये भरायची असते. हासवर जी७३ ची माघार सेटिंग २२ मध्ये असते, तर जी८३ मध्ये आर च्याही वर जाऊन बुरा झटकण्याचं अंतर सेटिंग ५२ मध्ये. मित्सुबिशीवर हेच ८०१२ आणि ८०१३ मध्ये सापडेल.

क्यू किती ठेवायचा हाही मुद्दा आहे, कारण ३ चा पेक इथे फार लहान आहे. भोक व्यासाच्या पावणेपाच पट खोल. क्यू३.० ला १६ पेक होतात, आणि नुसत्या मधल्या वर-खाली ये-जा करण्यात दर भोकाला ७२० मिलिमीटर प्रवास होतो. क्यू८.० केलात तर ६ पेक आणि २४० मिलिमीटर. व्यासाएवढा पेक एमएसमध्ये एचएसएसला साधारण झेपतो. बुरा लांब धाग्यासारखा निघून ड्रिलला गुंडाळत असेल तर जी७३ क्यू२.० करून बघा; त्यात ड्रिल बाहेर येत नाही, फक्त बुरा तुटतो, वेळ बराच वाचतो. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) असेल तर हिशेब वेगळा. तिथे छोटे पेक आणि तळाशी थांबा दोन्ही घातक, कारण ड्रिल घासलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा पेक त्या कडक थराला घासत बसतो. कमी पेक, भरीव फीड, भरपूर कूलंट. आतून कूलंट येणारं कार्बाइड ड्रिल असेल तर पेक बंद, सरळ जी८१. वारंवार आत-बाहेर केल्याने त्याची कडच उडते. आणि नागदेवी स्ट्रीटवरून (मुंबईतला हत्यारांचा बाजार) १३५ किंवा १४० अंशांचं ड्रिल आणलंत तर खोलीचं गणित बदला: १३५ ला टोक व्यासाच्या ०.२ पट, १४० ला ०.१८ पट.

टॅपिंगचा अलार्म. फानुकवर २०५ म्हणजे रिजिड टॅपिंगचा (टॅपचं फिरणं आणि झेडची चाल कंट्रोलने जुळवून ठेवणं) एम२९ दिला, पण जी८४ ही टॅपिंगची सायकल सुरू होताना रिजिड मोडचा सिग्नल लागलेला नव्हता. प्रोग्रॅमने मागितलं, मशीनच्या लॅडरने (आतल्या नियंत्रण प्रोग्रॅमने) दिलं नाही. सेकंडहँड मशीनवर याची तीन कारणं असू शकतात: त्या मशीनला रिजिड टॅपिंग मुळातच नाही, एम कोड वेगळा आहे, तो पॅरामीटर ५२१० मध्ये दिसेल, तिथे शून्य असेल तर २९ धरायचा, किंवा लॅडरमध्ये कुणीतरी हात घातलाय. पहिलं कारण निघालं तर टेन्शन-कॉम्प्रेशन होल्डर (टॅपला थोडं वर-खाली सरकू देणारा) लावून साधा जी८४ वापरावा लागेल. त्या मशीनवर कडक कोलेटमध्ये टॅप धरून प्रयोग करू नका. शेजारचे दोन अलार्मही ओळखून ठेवा. २०१ म्हणजे फीड दिलेला नाही. २०३ म्हणजे एम२९ किंवा एस ची जागा चुकली. एम२९ एस४०० ही ओळ आधी, तिच्या आणि जी८४ च्या मध्ये कुठलीही अक्षाची हालचाल नको.

एम१० चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिलिमीटर, म्हणून एस४०० ला एफ६००. कुणी स्पीड ३०० केला आणि एफ तसाच ठेवला तर पिच २ होतो आणि आटे ओरबाडले जातात. ही चूक टाळायची तर जी९५ एफ१.५ लिहा, मग स्पीड काहीही असला तरी फीड फेऱ्यामागे १.५ च राहतो. फक्त टॅपिंग संपल्यावर जी९४ (मिनिटामागे फीड) परत लिहायला विसरू नका, नाहीतर पुढच्या ड्रिलला एफ१४० म्हणजे फेऱ्याला १४० मिलिमीटर होईल. टॅपला आर पॉइंट ५ मिलिमीटर तरी ठेवा, म्हणजे स्पिंडल आणि झेड जुळायला जागा मिळते. हासवर जी८४ मुळातच रिजिड आहे, तिथून एम२९ काढून टाका. मित्सुबिशीवर जी८४ च्या ओळीतच स्वल्पविराम देऊन आर१ लिहायची पद्धत आहे.

टर्निंग सेंटरवर मात्र हा प्रोग्रॅम ‘थोडा बदलून’ चालणार नाही, नव्याने लिहा. आपल्याकडच्या फानुक लेथवर बहुधा जी-कोड सिस्टीम ए असते. तिच्यात जी९८ आणि जी९९ चा आर पॉइंटशी काही संबंध नाही: जी९८ म्हणजे मिनिटामागे फीड, जी९९ म्हणजे फेऱ्यामागे. तुमची जी९९ ... एफ१४० ही ओळ तिथे फेऱ्याला १४० मिलिमीटर फीड मागेल. जी९० हा तिथे टर्निंग सायकल आहे, जी७३ पॅटर्न रिपीट, जी७६ थ्रेडिंग. परतीची लेव्हल निवडता येत नाही, टूल नेहमी इनिशियल लेव्हलला येतं. आर हे त्या लेव्हलपासूनचं अंतर म्हणून धरलं जातं, प्लेटच्या शून्यापासून नाही. शिवाय जी८३ मध्ये ड्रिल पूर्ण बाहेर येणार की नुसतं बुरा तोडणार, हे पॅरामीटर ५१०१ चा दोन नंबरचा बिट ठरवतो: ० ला छोटी माघार, १ ला पूर्ण बाहेर.

मध्यभागी साधं भोक असेल तर लेथवर जी७४ पुरेसा:

जी७४ आर१.०
जी७४ झेड-६०.० क्यू५००० एफ०.१२

पहिल्या ओळीतला आर ही माघार, दुसऱ्या ओळीतला क्यू ५ मिलिमीटर, मायक्रॉनमध्ये, डेसिमलशिवाय. इथे क्यू५.० दिला तर अलार्म ००७ येऊ शकतो, डेसिमलचा चुकीचा वापर. व्हीएमसीवर डेसिमल टाका म्हटलं आणि इथे टाकू नका म्हणतोय, हे विचित्र वाटेल, पण आहे ते असं. जी७४ ड्रिल पूर्ण बाहेर काढत नाही, म्हणून खोल भोकाला तो नको.

सीमेन्सच्या मूळ भाषेत जी८३ नाहीच. तिथे सायकल८३ असते, कंसात क्रमाने परतीची पातळी, संदर्भ पातळी, सुरक्षित अंतर, खोली, पहिल्या पेकची खोली वगैरे. तुमचा आर२. म्हणजे तिथे संदर्भ पातळी ० आणि सुरक्षित अंतर २. बुरा तोडायचा की ड्रिल बाहेर काढायचं हे त्यातल्या प्रकाराच्या जागी ० किंवा १ देऊन ठरतं. अनेक भोकांसाठी आधी एमकॉल लावायचा आणि शेवटी नुसता एमकॉल लिहून सायकल बंद करायची. तेच तिथलं जी८०. जी२९१ देऊन आयएसओ भाषेत फानुकचा प्रोग्रॅम चालवता येतो, जी२९० ने परत. पण रोजचं काम असेल तर मूळ भाषेत लिहून ठेवणंच बरं. हायडेनहाइनवर गेलात तर एकच धोका सांगतो: तिथे एम९९ म्हणजे सायकल या जागी चालव, फानुकवर एम९९ म्हणजे सबप्रोग्रॅममधून परत जा.

प्रोग्रॅम पाठवण्याची पद्धतही बघा. व्हॉट्सॲपच्या मेसेजमधून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या मजकुरात उणे चिन्हाची जागा कधी कधी लांब रेघ घेते. कंट्रोलला ती रेघ समजत नाही, झेड-४४. च्या जागी झेड४४. उरला तर काय होईल ते सांगायला नको. फाइल म्हणून पाठवा, नोटपॅडमध्ये उघडून बघा, पहिल्या आणि शेवटच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आहे ना तेही पाहा. आरएस२३२ ची केबल मशीन चालू असताना काढू-घालू नका, पोर्ट उडतो.

वरचा भाग सुधारून व्हीएमसीसाठी असा लिहावा:

जी९० जी५४ जी९४ जी८० जी००
एक्स२०. वाय२०. एस९३० एम०३
जी४३ एच०२ झेड५०. एम०८
जी९९ जी८३ झेड-४४. आर२. क्यू८.० एफ१४०.
एक्स४५.
जी९८ एक्स७०.
जी९९ एक्स९५.
एक्स१२०.
जी९८ एक्स१४५.
जी८०
जी०० झेड१००. एम०९

हे फानुक आणि हास दोन्हींवर एकाच अर्थाने चालेल. एक्स७०. च्या ओळीतला जी९८ क्लॅम्प ओलांडण्यासाठी आहे. तुमचा क्लॅम्प दुसरीकडे असेल तर जागा बदला. वाय सगळीकडे २० च आहे म्हणून पुन्हा लिहिलेला नाही.

पहिल्यांदा चालवताना फानुकच्या वर्क ऑफसेट पानावर ईएक्सटीच्या (सगळ्या ऑफसेटना एकदम लागू होणाऱ्या जागेच्या) झेडमध्ये १००.० भरा, म्हणजे सगळं १०० मिलिमीटर वर, हवेत होईल. सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड २५ टक्के, नजर शिल्लक अंतराच्या आकड्यावर. पेक मोजा: ६ व्हायला हवेत. ६ च्या जागी एकच झाला किंवा मोजता येईनात इतके झाले, तर क्यू अजून चुकतोय. तिसऱ्या भोकानंतर टूल खरंच ५० वर जातं का ते पाहा. टॅप हवेत चालवताना झेड आणि स्पिंडल एकदमच उलटे फिरतात ना, एवढं बघितलं तरी पुरे. फीड ओव्हरराइड रिजिड टॅपिंगमध्ये चालत नाही, त्यामुळे नॉब फिरवून वेग कमी होईल या भरवशावर राहू नका. सगळं जुळलं की ईएक्सटी शून्य करा आणि पहिल्या भोकाला आर पॉइंटवर फीड होल्ड मारून टोक आणि प्लेट यांच्यात पट्टी धरून बघा. २ मिलिमीटर दिसत नसतील तर एच०२ मध्ये लांबी चुकलेली आहे, प्रोग्रॅममध्ये नाही.